सिस्टरची काळी बीएमडब्ल्यू

नेव्हिल हॅड्रिककडे पाच जुन्या मोटारसायकली होत्या आणि त्यांतली एकही गेल्या अकरा वर्षांत फाटकाबाहेर पडलेली नव्हती. ही गोष्ट अख्ख्या अँगस्टन गावात तिघांनाच ठाऊक होती. एक स्वतः नेव्हिल, दुसरी त्याची बायको ग्लेनिस आणि तिसरा शेजारचा लायल फित्झनर. पहिल्या दोघांनी ती कुणाला सांगितली नव्हती. लायलनं अजून सांगितली नव्हती, इतकंच.

आता कुणी म्हणेल, चालवायच्या नाहीत तर ठेवायच्या कशाला? असल्या माणसांना जुन्या गाड्यांचं सुख काय कळणार. शनिवारी सकाळी नेव्हिल परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा, पाचही गाड्यांवरची पांघरुणं काढून घडी घालायचा, नॉर्टनची टाकी पुसायचा, बँटमच्या स्पोकमधनं जुन्या दातांच्या ब्रशानं धूळ काढायचा. मग मधोमध खुर्ची टाकून चहाचा मग घेऊन बसायचा. एकेकीचं इंजिन पाच पाच मिनिटं चालू करून ऐकायचा. मग पुन्हा पांघरुणं. ग्लेनिस म्हणायची, "बाळांना झोपवून झालं असेल तर जेवायला ये." तो येऊन जेवायचा. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी न्यूरिऊटपाच्या चौकात मागच्या ट्रकवाल्यानं त्याला भोंगा वाजवला होता. नुसता भोंगा. ना धक्का, ना ओरखडा. नेव्हिल तसाच घरी आला, चहा प्याला, गाडीवर पांघरूण टाकलं आणि म्हणाला, "आज वारा फार आहे." तो वारा पुढं अकरा वर्षं पडला नाही.

गावातल्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबाचा मात्र तो नियमित सभासद होता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सभेला जायचा, तोही मोटारीतून. कधी नॉर्टनची मॅग्नेटो दुरुस्तीला गेलेली असायची, कधी ट्रायम्फचा टायर परदेशातून यायचा असायचा. ग्रंथालयात नोकरी केल्यानं त्याच्याकडे कारणं पद्धतशीर लावलेली असत, एकच कारण एका वर्षात दोनदा येत नसे. क्लबातले लोक त्याला पक्का चालवणारा समजत. लोक काहीही समजतात. आपण फक्त ते खोडून काढायचं नसतं.

मार्चच्या सभेत चहाच्या टेबलाशी एक चिठ्ठी लागली. सिस्टर इर्मा नॉस्के आपली काळी बीएमडब्ल्यू विकणार होत्या.

सिस्टर नॉस्के म्हणजे या भागातल्या फिरत्या परिचारिका. वय एक्क्याऐंशी, लग्न केलेलं नाही, बोलणं इंजेक्शनसारखं. एकाहत्तर साली ही गाडी नवीकोरी घेतली आणि एकोणचाळीस वर्षं तिच्यावरनं डोंगरापलीकडच्या शेतांवर बाळंतपणं केली, जखमा शिवल्या, म्हाताऱ्यांची औषधं पोचवली. गाडी अशी राखलेली की क्लबात तिचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणायची. त्या रात्री नेव्हिलला झोप लागली नाही. पाच गाड्यांच्या रांगेत शेवटी एक काळी गाडी त्याला दिसत राहिली. तिच्यावर कुठल्या रंगाचं पांघरूण घालावं, इथपर्यंत विचार झाला.

"सहावी?" ग्लेनिस म्हणाली. "बरं. निदान एखादी तरी चालव म्हणजे झालं."

सिस्टरांच्या घरी आधी सात गिऱ्हाइकं येऊन परत गेली होती. नेव्हिल गेला तेव्हा गाडी अंगणात उभी होती. काळी, टाकीवर पांढऱ्या रेघा, सीटचं चामडंसुद्धा तडकलेलं नाही. तो तिच्याभोवती दोनदा फिरला. खाली वाकून ब्रेक बघितले. पावसात ते कसे लागतात, हे विचारलं. सिस्टर दारातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बोटं सांध्यांत सुजलेली.

"हातांनी राजीनामा दिलाय," त्या म्हणाल्या. "नाहीतर विकली नसती. तू चालवतोस ना रे?"

इथं खरं बोलायला पुरते तीन सेकंद होते. नेव्हिलनं ते तिन्ही वाया घालवले आणि म्हणाला, "दर रविवारी, सिस्टर."

"दर रविवारी?"

"वारा नसला की."

सिस्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. ताप मोजताना बघतात तसं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. साडेनऊ हजार डॉलर. गाडी आज घेऊन जा. पण नावावर करायच्या कागदावर सही मी आज करणार नाही. तीन तारखेच्या रविवारी क्लबाची फेरी आहे. त्या फेरीत तू ही गाडी चालवायचीस आणि मी मागं बसणार. परत आलो की सही."

"तुम्ही मागं बसणार?"

"मग काय, पुढं बसू?"

नेव्हिलला नाही म्हणायचं होतं. पण समोर गाडी होती, उन्हात चकाकत होती. तो हो म्हणाला. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, फक्त या धोंड्याला दोन सिलिंडर होते.

गाडी घरी आली ती लायलच्या ट्रेलरवरून. लायलनं कारण विचारलं नाही, यावरूनच त्याला कारण कळलंय हे नेव्हिलला कळलं. संध्याकाळी लायल कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला. शेजारी नावाचा माणूस सल्ला द्यायला आला की आधी कोपर टेकतो, सगळीकडे हाच नियम आहे.

"सेडनचा उतार आहे बरं का फेरीत," लायल म्हणाला.

"माहितेय."

"वळणं अठरा."

"माहितेय मला."

"मागच्या साली एक कांगारू अकराव्या वळणावर आडवं आलं होतं. मागं बाई असली की ब्रेक उशिरा लागतो. वजन पुढं येतं. आणि हे बघ, एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाचं हाड म्हणजे बिस्किट असतं, बिस्किट."

"लायल, तुला काय हवंय?"

"मला कुठं काय हवंय? मी शेवटचा असणार फेरीत, नारिंगी जाकिटवाला. जो जो पडेल त्याला मीच उचलणार. म्हटलं आधीच ओळख असलेली बरी."

नेव्हिल दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या नोंदणी कचेरीत गेला. सही उशिरा झाली तर चालेल का, फेरी पुढं ढकलली तर चालेल का, असे प्रश्न तो घेऊन गेला होता. खिडकीमागच्या बाईनं त्याला विचारलं, पैसे कधी दिलेत? त्यानं सांगितलं. तिनं बोटांवर मोजून सांगितलं की त्या दिवसापासून चौदा दिवसांत कागद आला पाहिजे, नाहीतर दंड. फेरी तेराव्या दिवशी येत होती.

"पण सही करणारी व्यक्ती आधी सही करत नाहीये," नेव्हिल म्हणाला.

"का करत नाही?"

"मी त्यांना मागं बसवून डोंगर उतरवल्याशिवाय करणार नाहीत."

बाईनं आपल्या कागदांत बघितलं. "तसा रकाना नाहीये इथं," ती म्हणाली. "पुढचे कोण आहेत?"

म्हणजे तेरावा दिवस पक्का. हाताशी अकरा राहिले होते आणि नेव्हिल सराव करायला लागला. पहाटे साडेपाचला, गाव उठायच्या आत, चर्चमागच्या दफनभूमीच्या रस्त्यावर. तिथं रहदारी नसते आणि भोंगा वाजवायला कुणी उठत नाही. पहिल्या दिवशी पहिल्या गियरमध्ये शंभर मीटर. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गियरमध्ये दोनशे. गुडघे इतके थरथरायचे की टाकीवर टकटक ऐकू यायचं आणि इंजिनात काही बिघडलंय असं समजून तो थांबून तपासायचा. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, जमतंय. आणि मग विचार आला की मागं माणूस असल्यावर काय?

सिस्टर अठ्ठेचाळीस किलोंच्या असाव्यात असा ग्लेनिसचा अंदाज होता. नेव्हिलनं कोंबड्यांच्या खाद्याची दोन पोती मागच्या सीटवर एकावर एक बांधली. नुसती पोती बरी दिसेनात, म्हणून त्यांना ग्लेनिसचा पावसाळी कोट घातला. पाचव्या दिवशी सकाळी हे दोघं, म्हणजे नेव्हिल आणि पोती, दफनभूमीच्या रस्त्यानं निघाले. पहिल्याच वळणावर खालचं पोतं कोपऱ्यात उसवलं. नेव्हिलला ते कळलं नाही. त्याला कळलं ते एवढंच, की मागं कोणीतरी ओरडतंय, आणि मग पुष्कळजण ओरडतायत. दाण्यांची रेघ बघून निलगिरीवरचे पांढरे पोपट खाली उतरले होते. पाच-पन्नास, मग शंभर. अंगावर कोट घातलेल्या बाईला मागं बसवून, डोक्यावर किंचाळणारा थवा घेऊन, ताशी पंधराच्या वेगानं नेव्हिल दफनभूमीतून बाहेर पडला तेव्हा समोर चर्चचे पास्तर कुत्रं फिरवत उभे होते.

"सुप्रभात, नेव्हिल," पास्तर म्हणाले. मग कोटाकडे बघून टोपी काढली. "सुप्रभात, ग्लेनिस."

पोत्यानं उत्तर दिलं नाही. दुपारी पास्तरांनी घरी फोन केला आणि ग्लेनिसला विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना, सकाळी फार खचलेली वाटलीस. ग्लेनिसनं फोन ठेवला आणि नेव्हिलकडे वळली.

"तू सिस्टरांना खरं सांगून टाक. नाही म्हण. पैसे परत घे."

"आणि गाडी?"

"गाडी गेली उडत."

"सगळ्या क्लबाला कळेल, ग्लेनिस."

"क्लबाला कळेल म्हणून तू एका म्हातारीला घेऊन डोंगरावरनं उतरणार?"

नेव्हिल शेडमध्ये जाऊन बसला. सहा गाड्या, सहा पांघरुणं. पहिल्यांदाच त्याला तिथं बसून बरं वाटलं नाही. त्याला खरीखुरी भीती वाटत होती. आपण पडू याची तर होतीच, पण आपल्यामुळं दुसरं कुणी पडेल याची जास्त होती. आणि या दोन्हींपेक्षा, लाज वाटते म्हणून आपण माघार घेत नाही आहोत हे त्याला कळत होतं, याची सगळ्यात जास्त होती. पण कळून वळत नाही ते नाहीच.

तीन तारखेला आभाळ निरभ्र, पान हलत नव्हतं. कारणाला जागाच उरली नाही.

चौकात बेचाळीस गाड्या जमल्या होत्या. सिस्टर जुना चामडी कोट घालून, कडेला सँडविचची पिशवी लटकवून तयार होत्या. क्लबाचे कप्तान रॉस हाइनरिख पेटीवर चढले आणि दर वर्षी सांगतात तो नियम त्यांनी पुन्हा सांगितला.

"मी पुढं. जिथं वळण घ्यायचं तिथं माझ्यामागचा पहिला गडी थांबणार, कोपऱ्यावर उभा राहून मागच्यांना हातानं रस्ता दाखवणार. सगळ्यात मागं नारिंगी जाकीट घालून लायल येईल. तो दिसेपर्यंत कोपरा सोडायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही. कोपरेवाला हलला की मागचे सगळे हरवतात, लक्षात ठेवा."

नेव्हिलचा बेत साधा होता. मधोमध राहायचं, कुणाच्या डोळ्यात यायचं नाही. पण सिस्टरांनी मागनं त्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

"पुढं घे. मी कुणाची धूळ खायला आले नाहीये."

असा तो रॉसच्या मागं दुसरा लागला. सेडनचा उतार सुरू झाला आणि रॉस पहिल्या तीन वळणांत दिसेनासा झाला. नेव्हिल ताशी तीसनं उतरत होता. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला खडक, आणि मागं चाळीस गाड्या, कारण त्या वळणांवर ओलांडून जायला कुणाचीच छाती नव्हती. नेव्हिल प्रत्येक वळण मोजत होता. अकराव्याला त्यानं श्वास धरला. कांगारू आलं नाही. अठराव्यानंतर सपाटी लागली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मागून सिस्टर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि त्या शुद्धीवर आहेत का अशी त्याला शंका येत होती.

सेडनच्या तिठ्यावर रॉस उजवीकडे वळलेला दिसला. मागचा पहिला गडी नेव्हिल. कोपरा त्याच्याच वाट्याला आला.

तो गाडी कडेला लावून उतरला आणि हातानं उजवीकडे दाखवत उभा राहिला. आणि काय सांगू, त्या माणसाला असं बरं वाटलं. पायाखाली जमीन होती. जमीन हलत नव्हती. गाड्या येत होत्या, माना हलवत होत्या, वळत होत्या. नेव्हिलनं एकोणचाळीस मोजल्या. मग पाच मिनिटांनी लायल आला. हात हलवत, काहीतरी ओरडत उजवीकडे वळला आणि गेला. त्याच्या अंगात जाकीट नव्हतं. उकडत होतं म्हणून त्यानं ते काढून मागच्या सीटला गुंडाळून बांधलं होतं.

नेव्हिल जागचा हलला नाही.

"झालं ना?" सिस्टरांनी विचारलं.

"जाकीट नव्हतं, सिस्टर. जाकिटवाला यायचाय. लायलनं कदाचित मागं कुणाला तरी दिलं असेल."

"कुणाला?"

"तेच तर कळत नाही ना. म्हणून थांबायला हवं."

सिस्टर रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. कापलेल्या गव्हाची शेतं दोन्हीकडे पिवळी पडली होती आणि माश्या तेवढ्या जिवंत होत्या. मोबाइलला रेंज नव्हती. बाराला सिस्टरांनी सॉसेजची सँडविचं काढली, एक त्याला दिलं. त्यानं डाव्या हातानं खाल्लं, उजवा रस्ता दाखवत होता. साडेबाराला एक शेतकरी आपला ट्रक घेऊन आला आणि काच खाली करून थांबला.

"बिघडलीय का?"

"नाही," नेव्हिल म्हणाला.

"हरवलात?"

"नाही."

"मग?"

"कोपरा दाखवतोय."

शेतकऱ्यानं मागचा रस्ता बघितला, पुढचा बघितला. "कुणाला?"

"येतील."

"बरं," शेतकरी म्हणाला. "पाणी आहे ना?" आणि बिचारा जाताना हळू गेला, धूळ उडू नये म्हणून.

एक वाजला. सिस्टर उठल्या, कोटावरचे तुकडे झटकले आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात खाली कर, नेव्हिल. लायलला जाऊन अडीच तास झाले."

"नियम असा आहे, सिस्टर, की जाकीट—"

"जाकीट मागच्या सीटला बांधलं होतं. मी पाहिलं. तूही पाहिलंस."

नेव्हिलनं हात खाली केला. खांदा दुखत होता. डोळ्यांत पाणी आलं ते माश्यांनी, असं त्याला म्हणता आलं असतं. पण तेवढी ताकद उरली नव्हती.

"मी दर रविवारी चालवत नाही," तो म्हणाला.

"मग कधी चालवतोस?"

"चालवतच नाही. अकरा वर्षं झाली. शेडमध्ये ठेवून बघतो नुसता. मला भीती वाटते, सिस्टर. इथं थांबलो ते जाकिटासाठी नाही. इथं थांबलं की चालवावं लागत नाही म्हणून थांबलो. तुमचा जीव धोक्यात घालून आणलं मी तुम्हाला. गाडी तुमची परत घ्या."

"ठाऊक आहे मला," सिस्टर म्हणाल्या.

"लायल बोलला?"

"त्याला कोण विचारतंय. तू अंगणात आलास आणि आधी ब्रेक बघितलेस. तुझ्या आधीचे सातही जण पहिल्यांदा विचारते झाले, पळते किती. एकोणचाळीस वर्षं या रस्त्यांच्या कडेनं मी माणसं गोळा केलीत. काही जिवंत, काही नाही. त्यांत घाबरट एकसुद्धा नव्हता. म्हणून तुला दिली."

नेव्हिलला हे कौतुक आहे की काय ते कळेना. "मग ही अट कशाला घातलीत? माहीत होतं तर?"

सिस्टर आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत होत्या.

"अट कसली," त्या म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यापासून क्लच दाबता येत नाही. गाडी गेली की माझं इकडं येणं संपलं. एकदा शेवटचं या उतारावरनं खाली यावं, एवढंच होतं मनात. आता कुणाला म्हणू, मला फिरवून आण म्हणून? सगळा जन्म लोकांनी बोलावलं आणि मी गेले. मागायची सवय नाही मला. लाज वाटते. म्हणून अट म्हणून सांगितलं."

या बाईची एक शेवटची फेरी, आणि त्यातले अडीच तास त्यानं तिला माश्यांत दगडावर बसवून घालवले होते. आपली अब्रू सांभाळता सांभाळता.

"आधी बोलायचंत की," तो म्हणाला.

"तू कुठं बोललास?"

मग नेव्हिलनं हेल्मेट घातलं. पट्टा तिसऱ्या वेळी लागला.

"कुठं जायचं? उजवीकडे क्लबाचं जेवण आहे. मागं घर आहे."

"जेवण नको. तिथं सगळे म्हणतील, सिस्टर बसा, सिस्टर पाणी आणू का." त्यांनी सरळ समोर बोट दाखवलं. "नदी. स्वान रीचला गाड्या पलीकडे नेणारी तर आहे ना, ती. पलीकडच्या काठावर मी एकाहत्तरच्या नाताळात जुळ्यांचं बाळंतपण केलं होतं."

"पंचवीस किलोमीटर आहे."

"मोजता येतं मला."

तो रस्ता सरळसोट होता. नेव्हिल चाळीसनं निघाला, मग पन्नास, मग साठ. भीती गेली वगैरे काही नाही, असल्या गोष्टी जात नाहीत. ती होती तिथंच बसून राहिली, फक्त आता मागच्या सीटवर आणखी एक माणूस होतं आणि त्याचं वजन जास्त होतं. सत्तरला सिस्टर पहिल्यांदा बोलल्या.

"जरा ऐक तिला. गियर मागतेय."

त्यानं गियर टाकला. इंजिनाचा आवाज उतरला, लांब आणि एकसारखा झाला. शेडमध्ये पाच पाच मिनिटं ऐकून हा आवाज कधी ऐकू आला नव्हता. मागं एक मोटार आली आणि तिनं भोंगा वाजवला. नेव्हिलच्या काळजाचा ठोका चुकला. गाडीचा मात्र चुकला नाही. मोटार पुढं निघून गेली, आणि तिच्यातली दोन पोरं काळ्या गाडीकडे बघून हात हलवत होती.

तरीवर चढताना लोखंडी फळीवर मागचं चाक जरासं सरकलं आणि नेव्हिलनं डोळे मिटले. नंतर समजलं की सिस्टरांनीही मिटले होते. नदी संथ होती. पाण्याच्या मधोमध सिस्टरांनी कोटातून कागद काढला, टाकीवर पसरला आणि दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. पलीकडे उतरून त्या काठावर पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग त्याच तरीनं परत, आणि तोच डोंगर उलटा चढून घरी.

संध्याकाळी पाचला गावात आले तेव्हा रॉसनं अर्ध्या क्लबाला शोधायला पाठवलेलं होतं आणि लायल चौकात तोंड लपवून उभा होता. त्याच्या जाकिटाची चौकशी झाली. नेव्हिलनं नियम पाळला, अडीच तास कोपरा सोडला नाही, असं रॉसनं सगळ्यांसमोर सांगितलं आणि चौकातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हिलला खरं सांगायचं होतं. सिस्टरांनी पुन्हा बरगडीत बोट खुपसलं. सोमवारी कागद खिडकीतल्या बाईकडे गेला आणि तिनं त्यावर शिक्का मारला.

पुढच्या शनिवारी सकाळी नेव्हिलनं चहा केला, पण खुर्चीवर बसून प्याला नाही. उभ्यानंच प्याला, काळ्या गाडीवरचं पांघरूण काढलं आणि तिला फाटकाबाहेर नेलं. गुडघे टाकीवर टकटक वाजत होते. सिस्टरांच्या दारासमोर तो थांबला. सिस्टर बागेत पाणी घालत होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग घाईघाईनं नळीकडे.

"काय रे? बिघडलं का काही?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "मला नदीवर जायचंय आणि एकट्याला जायची भीती वाटते, सिस्टर. याल का?"

सिस्टरांनी नळी खाली ठेवली. नळ बंद करायचा राहिला, वाफ्यात पाणी साचायला लागलं. त्यांनी डोळ्यांवरनं बाही फिरवली.

"थांब," त्या म्हणाल्या. "कोट घालून येते."